तिहेरी उडी : दुसऱ्या क्रमांकाच्या उडीची किंमत

जुलै २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये जागतिक ज्युनिअर ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. तिथल्या मुलींच्या तिहेरी उडीचा निकाल वाचताना प्रथम छपाईची चूक वाटते. सुवर्णपदक : स्पेनची आना पेलेतेइरो, १४.१७ मीटर. रौप्यपदक : लिथुआनियाची दोविले झिन्झालेतायते, १४.१७ मीटर. अंतर सेंटिमीटरपर्यंत सारखे, मग पदके वेगळी का? कॅडेट मित्रमैत्रिणींनो, याचे उत्तर आंतर-हाऊस स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे. पण आधी ही उडी नीट समजून घेऊ.

तीन टप्पे

पहिला टप्पा ‘हॉप’. ही आपली लंगडीच : ज्या पायाने फळीवरून उसळी घ्यायची, त्याच पायावर उतरायचे. दुसरा ‘स्टेप’ : आता दुसऱ्या पायावर उतरायचे. तिसरा ‘जंप’ : त्या पायाने उसळून वाळूत झेप. म्हणजे उजव्या पायाने सुरुवात केली, तर क्रम उजवा-उजवा-डावा. हा क्रम चुकला की उडी बाद.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत फळी आणि वाळूचा खड्डा यांत मुलींसाठी किमान ११ मीटर अंतर असते, पुरुषांसाठी किमान १३. म्हणून पहिले दोन टप्पे कठीण धावपट्टीवरच पडतात आणि त्या क्षणी एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

मधला टप्पा का महत्त्वाचा?

नवशिक्यांची सगळी हौस पहिल्या टप्प्यात असते. लंगडी उंच आणि लांब जाते, पण उतरताना गुडघा वाकतो, वेग मरतो आणि ‘स्टेप’ नुसते एक पाऊल उरते. मग वाळूपर्यंत पोहोचणेच कठीण.

हिशेब करून पाहू. समजा, १४.१७ मीटरची उडी ३७, २८ आणि ३५ टक्के अशी विभागली. टप्पे होतील ५.२४, ३.९७ आणि ४.९६ मीटर. मधला टप्पा सर्वांत लहान, पण तरीही जवळजवळ चार मीटर! हॉपमध्ये दहा सेंटिमीटर जास्त मिळवून स्टेपमध्ये चाळीस गमावले, तर तो तोट्याचा सौदा. म्हणून आमच्या हाऊसच्या ज्युनिअरना मी एकच सांगतो : हॉप सपाट ठेवा, वेग पुढच्या टप्प्यासाठी राखा.

निकाल कसा लागतो?

अंतिम फेरीत प्रत्येकीला तीन संधी मिळतात आणि पहिल्या आठ जणींना आणखी तीन. वाळूतील फळीला सर्वांत जवळच्या खुणेपासून मोजणी होते. हात मागे टेकला, तर अंतर त्या हाताच्या खुणेपर्यंतच. सर्वांत लांब वैध उडीवर क्रमांक ठरतो. दोघींची ती उडी सारखी निघाली, तर दोघींची दुसऱ्या क्रमांकाची उडी पाहतात. तीही सारखी असेल, तर तिसरी.

बार्सिलोनात नेमके हेच झाले. १४.१७ दोघींकडे होते, पण पेलेतेइरोची दुसऱ्या क्रमांकाची उडी सरस होती. त्या वेळी ती अवघी १६ वर्षांची होती. पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने १४.८७ मीटर उडी मारून कांस्यपदक मिळवले.

आता आपल्या मैदानावरचे उदाहरण घ्या. एका कॅडेटच्या उड्या : १०.४०, फाऊल, फाऊल. दुसरीच्या : ९.८५, १०.१२, १०.४०. पहिली कॅडेट पहिल्याच प्रयत्नानंतर निर्धास्त झाली आणि उरलेले दोन प्रयत्न तिने अंदाधुंद धावून घालवले. दुसरी जिंकली. आपल्याकडे चांगली उडी पडली की उरलेल्या संधी उरकून टाकण्याची सवय दिसते. ती इथे महाग पडते.

सरावासाठी

१. सुरुवात गवतावर करा. आधी जागेवरून, मग पाच-सात पावलांच्या धावेने.
२. तिन्ही पाऊल-आवाज ऐका. ताल सारखा असेल, तर टप्पे बरोबर पडताहेत.
३. धावेची सुरुवात मोजून खूण करा. फाऊल झालेल्या उडीचे अंतर धरलेच जात नाही.
४. गुडघा किंवा टाच दुखत असेल, तर त्या दिवशी उड्या बंद.

शेवटी एक गोष्ट मुलींसाठी. पुरुषांची तिहेरी उडी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. महिलांना ती मिळाली १९९६ मध्ये, अटलांटात. शंभर वर्षे थांबून मिळालेला हा प्रकार आहे. आता सैनिकी शाळांत मुलीही कॅडेट आहेत, तेव्हा नाव नोंदवायला मागे राहू नका. आणि फळीसमोर उभ्या राहाल, तेव्हा मिळालेल्या प्रत्येक संधीला पहिल्या संधीइतकाच मान द्या.