शेजाऱ्याचा गोंगाट आणि कायद्याने दिलेले मार्ग

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत स्वतःचे घर केले आहे. कोणी निवृत्तीचे पैसे घातले, कोणी अजून कर्जाचे हप्ते फेडीत आहे. घर बहुधा दोन खोल्यांचे, मधली भिंत चार इंची. त्या भिंतीपलीकडे जे वाजते ते अलीकडे अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या कानाशीच वाजते. भाडेकरूला त्रास असह्य झाला तर तो खोली बदलू शकतो. घरमालकाला ती सोय नाही. त्याची आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत अडकलेली असते. म्हणून शेजारच्या गोंगाटाविरुद्ध कायदा काय देतो, हे सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. “रात्री दहाच्या आत काहीही वाजवा, कोणी काही करू शकत नाही,” असे वाजवणारा तर म्हणतोच. पण ज्याला त्रास होतो तोही तेच खरे मानून गप्प बसतो. हे कायद्याला धरून नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, आवाजाची मर्यादा सरासरी ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात हेच आकडे ६५ व ५५ आहेत. म्हणजे दिवसालाही मर्यादा आहे. रात्रीची मर्यादा अधिक कडक, एवढाच फरक. हे आकडे किती लहान आहेत हे ध्यानात यावे म्हणून सांगतो, दोन माणसे जवळ बसून साधे बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. शिवाय डेसिबलचे गणित बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो.

“माझ्या घरात मी काहीही करीन” या युक्तिवादालाही २०१० च्या दुरुस्तीने उत्तर दिले. खाजगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या खाजगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असा नियम आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधिक व्यापक शब्दांत सांगितले होते. स्वतःच्या जागेतही असा आवाज करण्याचा हक्क कोणास नाही, की जो हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यास उपद्रव देईल. भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्याला बळेच ऐकावयास लावण्याचा हक्क येत नाही आणि शांतपणे जगणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या निकालाचे सार आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा.

आता तक्रार कोठे करावयाची? नियमांत ज्याला ‘प्राधिकारी’ म्हटले आहे तो जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त, किंवा शासनाने नेमलेला पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी होय. यास्तव अर्ज त्यांच्या नावे लिहावा आणि प्रत स्थानिक पोलीस ठाण्यास द्यावी. येथे एक बारकावा आहे. नियम ७ प्रमाणे दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असावा लागतो. रात्रीच्या बंधनांचा भंग झाला असेल तर हा आकडा दाखवावा लागत नाही. मात्र नियम ८ मध्ये तसा आकडाच नाही. आवाजामुळे लोकांस त्रास, अस्वस्थता किंवा इजा होत आहे असे मिळालेल्या माहितीवरून वाटल्यास प्राधिकारी लेखी आदेशाने तो बंद करू शकतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ खालीही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना असाच अधिकार आहे. “मशीन नाही, डेसिबल कसे मोजणार?” असे उत्तर ठाण्यात मिळाले तर या दोन तरतुदी नम्रपणे दाखवाव्यात. पोलीस ठाण्यांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत असेही मुंबई उच्च न्यायालयाने शासनास बजावलेले आहे.

आवाज चालू असताना ११२ क्रमांकावर फोन करावा. शेजाऱ्याशी उघड वैर नको म्हणून कित्येकजण मागे सरतात, आणि दाटीच्या वस्तीत ही भीती खोटी म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्यातील जनहित याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराच्या ओळखीचा आग्रह न धरता पोलिसांनी कारवाई करावी असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवासी संस्थांच्या याचिकेवर, धार्मिक स्थळांच्या ध्वनिक्षेपकांसंबंधी, तेच पुन्हा बजावले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असेही त्या वेळी न्यायालयाने म्हटले. हा निकाल आपण फक्त दुसऱ्यांना दाखवावयाचा नाही. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजे, विहारावरील भोंगा आणि मंडळाच्या मंडपातील स्पीकर यांनाही हाच नियम आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवाच्या प्रसंगी, रात्री १० ते १२ अशी सवलत शासन देऊ शकते. ती वेळेची सवलत आहे, आवाजाच्या मर्यादेची नव्हे. आमच्या मते, शेजारच्या आजाऱ्याला झोप लागू न देता केलेला उत्सव कोणाचाही असो, त्याविरुद्ध अर्ज देणाऱ्याला समाजाचा वैरी ठरविणे चूक आहे.

येथवर ध्वनिक्षेपकाची गोष्ट झाली. पण शेजारचा त्रास नेहमी स्पीकरचाच नसतो. वरच्या मजल्यावर पिठाची गिरणी चालते, कोणी गाळ्यात लेथ बसवितो, कोणाचा कुत्रा रात्रभर भुंकतो. अशा वेळी ‘सार्वजनिक उपद्रव’ व ‘खाजगी उपद्रव’ हा भेद समजून घ्यावा लागतो. साऱ्या आळीला त्रास होत असेल तर तो सार्वजनिक. त्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंड किरकोळ वाटेल. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले प्रांतसाहेब, उपद्रव हटविण्याचा सशर्त आदेश काढू शकतात, आणि तो अधिक उपयोगी आहे. हे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आहेत. जुन्या पुस्तकांतून अभ्यास करणाऱ्यांनी भारतीय दंड संहितेचे कलम २९० व फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ यांच्या जागी हे वाचावे.

त्रास एकट्याच्या घराला होत असेल तर पोलीस बहुधा “हे दिवाणी प्रकरण आहे” म्हणतात, आणि ते पुष्कळदा बरोबरही असते. मग दिवाणी न्यायालयात खाजगी उपद्रवाचा दावा लावून कायम मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागता येते. निकालाला वर्षे लागतात हे खरे. म्हणूनच दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्यावयाचा असतो. तो हुकूम मोडल्यास मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. कसोटी मात्र सामान्य माणसाची आहे. फारच नाजूक कानाच्या माणसाला त्रास होतो म्हणून न्यायालय हुकूम देत नाही, आणि मुलांचे खेळणे, बारशाचा एक दिवसाचा गलबला, सकाळचे भांड्यांचे आवाज हे शेजारधर्मात सहन करावयाचे. “ही वस्ती आधीच गजबजलेली आहे” हा बचाव मात्र नेहमी टिकत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निकाल आहे. त्यात एकाच इमारतीत खाली पिठाची गिरणी बसविण्यास वर राहणाऱ्याने हरकत घेतली होती. भाग गजबजलेला असला तरी नव्या गिरणीने राहण्याच्या सुखात मोठी बाधा येते, असे धरून न्यायालयाने मनाई केली.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना आणखी एक दार आहे. आदर्श उपविधींनुसार इतर सभासदांस उपद्रव होईल असे कृत्य कोणा सभासदाने आपल्या गाळ्यात करावयाचे नाही, व तक्रार आल्यास समितीने दखल घ्यावयाची असते. त्रास देणारा भाडेकरू असेल तर त्याच्या घरमालकाला पत्र लिहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे शेजाऱ्यांस उपद्रव देणे हे भाडेकरूकडून जागा परत मिळविण्याचे एक कारण आहे. अनेकदा या एका पत्राने काम होते.

कोणताही मार्ग धरला तरी प्रकरण उभे राहते ते कागदावर. साधी वही घ्यावी. तारीख, आवाज सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, आवाज कशाचा, घरात कोण आजारी वा परीक्षेला बसलेले, पोलीस आले की नाही, हे त्याच दिवशी लिहावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. मोबाईलवरील डेसिबलचे आकडे पक्के मोजमाप नव्हेत, तरी अंदाज देतात. ध्वनिचित्रफीत न्यायालयात द्यावयाची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन व फीत जपून ठेवावी. दोन-चार शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर अर्जाचे वजन वाढते. उलट बाजूने आपलाही स्पीकर लावणे, वायर तोडणे, शिवीगाळ करणे यांनी हातचे प्रकरण जाते. भांडणात समोरच्याने लोकांसमक्ष जातीवरून अपमान केला, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा वेगळा गुन्हा आहे. त्याची फिर्याद वेगळी द्यावी, घडले तेवढेच सांगावे. आवाजाच्या अर्जात ते मिसळू नये.

राहिला खर्चाचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले व अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. तेथूनच दाव्यापूर्वी लोकअदालतीत समेटासाठीही प्रकरण ठेवता येते. गिरणी किती वाजता बंद करावयाची, स्पीकर कोणत्या भिंतीपासून हलवावयाचा, असे ठरले की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक होतो व त्यावर अपील नसते.