डबा परत जातो म्हणे

चि. सुहास यास,


तुझ्या रूम पार्टनरवर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. यादी लागून महिना झाला आणि तू आक्काला अजून 'निकाल लांबलाय' म्हणून सांगतोस. तेही एक वेळ समजू शकतो. पण मेसचा डबा झाकण न उघडता परत जातो, अभ्यासिकेची जागाही सोडलीस, हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जेवत का नाहीस?

अरे, दोन मार्कांनी पीएसआय गेलं तर गेलं! सदाशिव पेठेत पोरं हजारोंनी, जागा निघतात मोजक्या. हे गणित तुला मी सांगायचं? यंदा जत्रेलाही आला नाहीस. 'अजून किती वर्षं?' म्हणणारे म्हणू देत, त्यातला एक तरी तुझी फी भरतो का? आणि खोटं बोलायचं ते आईशी! दाजींनी बैल विकून... जाऊ दे, हे लिहायचं नव्हतं.

दुःख आतल्या आत गिळायचं, आपल्याकडच्या पुरुषांची ही जुनीच खोड. माझंच घे. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. रात्री विसर्जन करून आलो आणि अंगणातच आडवा झालो, म्हणून वाचलो. पहाटे चारच्या सुमाराला थोरला भाऊ माळवदाखाली गेला. तुला तो फोटोतलाच ठाऊक. ढिगारा उपसताना हुंदका आला, तर कुणीतरी ओरडलं, 'बाईसारखा रडतोस काय, हात चालव.' चालवला. पुढं आपण जिवंत आहोत याचीच लाज वाटायची. वहिनीसमोर मान वर करवत नव्हती. घरात नुसता खेकसायचो, ताट भिरकावून द्यायचो. आक्कानं पाहिलंय सगळं. शेवटी वहिनीच म्हणाली, 'भावजी, माझ्याकडं बघत का नाही? त्यांच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोण आहे?' तेव्हा रडलो, चाळिशीत. माझी लाज मी सांभाळत बसलो आणि इतकी वर्षं ती बाई एकटी पडली, ही हळहळ जात नाही.

म्हणून म्हणतो, जेव रे बाबा. देशात आत्महत्या करणाऱ्या १०० जणांत ७० हून जास्त पुरुष असतात, हे सरकारचेच आकडे. ते वाचल्यापासून झोप नाही, म्हणून मघाशी चिडलो. मला सांगवत नसेल तर १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. वेड लागलेल्यांसाठीच असतं, असलं काही मनात आणू नकोस.

शनिवारी एसटीनं निघतोय. आक्काला मी काही बोललेलो नाही, तुला जमेल तेव्हा तूच सांग. हवं तर मी शेजारी बसेन. मामी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतेय. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मला खाली चटई चालते. घोरतो, तेवढं सहन कर.

तुझा,
मामा