जांघेतली गाठ

पानशेत धरणाच्या अलीकडे, रस्त्याला लागून माझा दवाखाना. धरणाच्या पाण्याकडेच्या वाड्यांवरून बायका येतात त्या गुडघेदुखी सांगत, अशक्तपणा सांगत. जांघेत गाठ आहे, असं पहिल्या वाक्यात कुणी म्हणत नाही. गोळ्या पदरात बांधून झाल्या, चपलेत पाय घातला, की उंबऱ्याशी थबकून म्हणतात, "बाई, अजून एक होतं." ते ऐकता ऐकता जे शिकले, ते हे.

१. आधी पडदा ओढावा, मग विचारावं. शेजारी सासू बसलेली असली तर गाठ कायम "काल-परवापासूनची" असते. तिला बाहेर बसवलं की तीच गाठ दोन वर्षांची निघते.

२. गाठीआधी पाय बघावेत. आषाढात भातलावणी सुरू झाली की बायका दिवसचे दिवस चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, काटा मोडतो, आणि जांघेत अवधाण येतं. पाय बरा झाला की तेही बसतं. दोन-तीन आठवड्यांत बसलं नाही, गाठी घट्ट झाल्या किंवा एकमेकींना चिकटल्या, तर मात्र सुईची तपासणी करून घ्यावी. टीबी निघाला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कधी कॅन्सरही असतो, म्हणून वाट बघत बसू नये.

३. काष्टा सोडायला सांगावा. हे मी चुकून शिकले आणि ती चूक मला विसरता येत नाही. साठीच्या एक आजी दोन दिवसांच्या उलट्या घेऊन आल्या. मी नऊवारीच्या वरवरच पोट दाबून पाहिलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पोट फुगलं, तेव्हा काष्टा सोडायला लावला. उजव्या जांघेच्या घडीखाली सुपारीएवढी, टणक, हात लावू न देणारी गाठ. मांडीच्या वाटेनं आलेला हर्निया, त्यात आतडं अडकलेलं. पुण्याला ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. आजी वाचल्या. बायकांमध्येही नेहमीचा, जांघेच्या वरच्या बाजूचा हर्नियाच जास्त आढळतो. पण हा घडीखालचा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि त्याची वाट इतकी अरुंद की आतडं पटकन आवळतं. गाठ लहान म्हणून धोका लहान, असं इथे नसतं. तेव्हापासून उलट्या होणाऱ्या प्रत्येक बाईची जांघ मी बघते, उभं करून, खोकायला लावून.

४. खोकल्यानं न हलणारी गाठही असते. तिशीच्या एका ताईंची गाठ लिंबाएवढी, मऊ, न दुखणारी. दाबली तरी आत जाईना. एका ठिकाणी सुईनं पाणी काढलं होतं, ते पुन्हा भरलं. मी खिडकी लावून घेतली, गाठीला बॅटरी टेकवली, तर सगळी गाठ आतून लालसर उजळली. आत पाणीच होतं. मुलगी पोटात असताना गर्भाशयाच्या गोल बंधाबरोबर पोटाच्या अस्तराची एक बारीक पिशवी जांघेत उतरते. साधारण पहिल्या वर्षात ती मिटते. एखादीची मिटत नाही, आणि मोठेपणी तिच्यात पाणी साठतं. अँटन नक या डच शरीरशास्त्रज्ञानं १६९१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'नकची नळी'. हर्निया समजून ऑपरेशनला घेतात आणि टेबलावर हे निघतं, असं बऱ्याचदा होतं. सोनोग्राफी आधी करावी. उपाय एकच, पिशवी काढून तिचं तोंड बंद करणं. सोबत हर्निया असेल तर तोही त्याच वेळी दुरुस्त होतो.

५. पाळीची तारीख विचारावी. एकीनं कालनिर्णयाचं पानच आणलं होतं. गाठ दुखली त्या दिवशी फुली, पाळी आली त्या दिवशी गोल. दर महिन्याला दोन्ही शेजारी. गर्भाशयाचं अस्तर जांघेत रुजलेलं होतं. सोनोग्राफीपेक्षा त्या पानानं मला जास्त सांगितलं. सगळ्यांचं दुखणं पाळीशी इतकं जुळत नाही, म्हणून काढलेली गाठ तपासणीला पाठवायचीच.

६. गरोदरपणात आलेल्या गाठीवर घाईनं चाकू नको. उभं राहिलं की फुगते, आडवं झालं की ओसरते, अगदी हर्नियासारखी; पण डॉपलर केली की गोल बंधाच्या फुगलेल्या शिरा दिसतात. बाळंतपणानंतर त्या बहुधा आपोआप बसतात.

७. "लावणी झाल्यावर चालेल का?" हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर तयार असावं. पाण्याच्या गाठीच्या त्या ताईंना मी चालेल म्हटलं. दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन झालं. घडीखालच्या हर्नियाला, तो दुखत नसला तरी, मी नाही म्हणते. टणक झाला, आत जाईना, उलटी झाली, तर रोपं बांधावर टाकून त्याच गाडीनं पुण्याला. घरी जाऊन यायचं नाही, आणि वाटेत चहासुद्धा प्यायचा नाही, कारण भूल द्यावी लागणार असते.