गोड पाण्यातला सोमल

कुंभकोणमजवळ सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे गाव आहे. माझी आत्या तिथल्या एका तंजावरी मराठी घरात दिलेली. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा हापशाच्या ओट्यावर तांबूस डाग दिसले आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकाला राहवेना. "पाणी नारळासारखे गोड आहे रे, त्यात तपासायचे काय?" आत्या म्हणाली.

कॅडेट मित्रांनो, बंगालमधल्या लोकांनाही आपल्या पाण्याबद्दल असेच वाटत होते. तळ्याच्या पाण्याने पटकी, हगवण होई. म्हणून गावोगावी हातपंप बसले. जंतूंचा त्रास कमी झाला. पुढे १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यातले रुग्ण आले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत. कारण निघाले पंपाच्या पाण्यातला सोमल, म्हणजेच आर्सेनिक.

हा कोणी टाकलेला नव्हता. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा थर असतो, त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली कुजणारे पालापाचोळ्याचे अंश प्राणवायू संपवतात, तेव्हा लोह पाण्यात विरघळते आणि आर्सेनिकही सुटते. म्हणून तांबूस डाग पाहून मी चपापलो. कावेरीचे खोरेही गाळाचेच. मात्र लोह दिसले म्हणजे आर्सेनिक असतेच असे नाही, आणि गाळ नसला म्हणजे धोका नाही असेही नाही. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी ते खडकातून पाण्यात उतरले आहे.

सुरक्षित मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर भरले, तर सगळ्यांत मिळून एक ग्रॅम! रंग, वास, चव काही नाही. कॅम्पवर आपण पाणी उकळतो, क्लोरीनच्या गोळ्या टाकतो. त्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि ते उलट दाट होते. वर्षानुवर्षे प्यायल्यावर त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. डागांना महारोग समजून मुलींची लग्ने मोडली, माणसे वाळीत पडली. मला आजारापेक्षा हे जास्त लागते, कारण हा रोग शिवल्याने पसरतच नाही.

आत्याच्या अंगणात मी किट उघडले. बाटलीत पाणी, आम्ल आणि जस्ताची पूड. बुचाखाली मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघून कागद पिवळा, मग तपकिरी होतो. हा वायू विषारी, म्हणून बूच घट्ट आणि जागा मोकळी. वीसेक मिनिटांनी कागद पांढराच होता.

"झाले समाधान?" आत्या. झाले, पण तिच्या पंपापुरते. दोन शेजारी पंपांतही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. हे ऐकून शेजारणी कळशा घेऊन आल्या. पंप पाच, कागद उरलेले दोन. बाकी तीन नमुने पंपाची खोली आणि तारीख लिहून मी बरोबर आणले आहेत. त्यांत थेंबभर आम्ल घातले आहे, नाहीतर लोह तळाशी बसते आणि आर्सेनिकलाही सोबत नेते. पाणी शुद्ध करणाऱ्या कित्येक गाळण्या याच गुणावर चालतात. जूनमध्ये प्रयोगशाळेत आधी नमुने तपासू, मग तशी एक गाळणी बनवून पाहू.