दोडक्याचा मांडव, खाली कोंबड्या

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला तरी आता कोणी दचकत नाही. अशा उन्हात सांदवाडीतल्या आठ-दहा कोंबड्या आणि भाजीचे चार वाफे दोन्ही टिकवायचे असतील, तर एप्रिलमध्ये जागे होऊन भागत नाही. कोंबड्यांची सावली जानेवारीतच पेरावी लागते. पुढची सगळी कृती त्या सावलीभोवती आहे: वर वेलाचा मांडव, खाली कोंबड्या, आणि दोघांत वाटून वापरलेले पाणी. हिरवी जाळी ताणूनही सावली होते, पण जाळीला दोडके लागत नाहीत. शिवाय पाने सतत पाणी बाहेर टाकत असल्यामुळे वेलाखालची हवा जाळीखालच्या हवेपेक्षा गार राहते.

कोंबडीला घाम येत नाही. तिचे अंग मुळातच 41-42 अंशांचे असते. चोच उघडी ठेवून धापा टाकायच्या, घशातल्या ओलाव्याची वाफ करायची, एवढाच तिच्याकडे उपाय. म्हणून उन्हाळ्यात तिला आधी सावली हवी, मग वाहती हवा, मग गार पाणी. दाण्याचा नंबर त्यानंतर.

जानेवारीअखेर: वेल लावणे

मांडव साधारण दहा बाय बारा फुटांचा पुरतो. उंची सहा फूट ठेवा, म्हणजे खालून वाकल्याशिवाय फिरता येते. खांबांना बांबू, वर आडव्या काड्या आणि तारा. पऱ्हाट्या वर पसरल्या तर वेलाला पकडायला जागा मिळते आणि वेल चढेपर्यंत थोडी सावलीही होते. खुराडे या मांडवाच्या आत किंवा त्याला लागून येईल असे बघा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत घुसत नाही.

वेल दोडक्याचा किंवा कारल्याचा. दुधीही चालतो, पण त्याचे वजन मांडवाला पेलले पाहिजे. जानेवारीत आपल्याकडे रात्री थंड असतात आणि या बिया थंड मातीत कुजतात. म्हणून बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधा आणि चुलीजवळच्या उबेत ठेवा. मोड आला की दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-शेणखत भरून लावा. पिशवीला खाली भोके पाडायला विसरू नका. दोन-तीन खरी पाने आली की रोप मांडवाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला, कुंपणाच्या बाहेर लावा. आत लावले तर दुसऱ्या दिवशी तिथे खड्डा दिसेल, रोप दिसणार नाही. बुंध्याभोवती दगड रचा आणि बोरीच्या दोन काट्या टाका. कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरावी.

बाजारातले बी बहुधा औषध लावलेले, गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असते. असा एकही दाणा कोंबड्यांच्या वाटेत सांडू देऊ नका. आणि या मांडवावर कीटकनाशक मारायचे नाही, कारण खाली पडेल ते सगळे कोंबडी टिपणार.

होळीपर्यंत वेल काड्यांना हात घालतो आणि एप्रिल लागता लागता मांडव भरतो. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला टेकवले तर फळधारणा चांगली होते. फळमाशीने टोचलेली फळे वाकडी होतात. ती तोडून चिरा आणि आतल्या अळ्यांसकट कोंबड्यांपुढे टाका. ज्या अळ्या निसटून मातीत कोष करायला उतरतात, त्यांना कोंबड्या उकरून काढतातच. मांडवाखाली कोंबड्या ठेवण्याचा हा फायदा सावलीइतकाच मोठा आहे.

फेब्रुवारी: लस, जंत आणि खुडूक

मानमोडी, म्हणजे राणीखेत, उन्हाळ्यात आली की गावातली खुराडी रिकामी करून जाते. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी ही लस पंखाच्या कातडीखाली टोचून. मोठ्या कोंबड्यांचे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस टोचायच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांना पुरेल एवढी येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. पहाटे, कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडण्याआधी, बर्फाच्या डब्यात लस घेऊन घरोघर जायचे. दिवस वर आल्यावर कोंबड्यांमागे धावण्यात लसही तापते आणि कोंबड्याही.

खुडूक बसवायची असेल तर ती माघातच. 21 दिवसांनी पिल्ले निघतात आणि मेअखेरच्या नवतप्यापर्यंत त्यांच्या अंगावर पिसे धरलेली असतात. एप्रिल-मेमध्ये खुडूक बसवू नका. साधारण 21 अंशांच्या वर फलित अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. चाळीस अंशांच्या खोलीत टोपलीत ठेवलेली अंडी कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट वाढून मेलेली असतात. मग बारापैकी तीन पिल्ले निघाली की दोष कोंबडीला. मे महिन्यात कोंबडी खुडूक झालीच तर तिला तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात सावलीला तीन-चार दिवस ठेवा, पाणी-दाणा देत राहा. खालून हवा लागली की खुडूकपण जाते. नाकात पीस ओवणे, पाण्यात बुडवणे असले प्रकार करू नयेत.

मार्च: वाफे आणि मडकी

भेंडी, गवार, बरबटी, ढेमसे यांची पेरणी फेब्रुवारीअखेर उरकलेली असावी. मार्चमध्ये पालक पेराल तर तो पानांऐवजी तुरा काढेल. त्याच्या जागी लाल माठ, अंबाडी आणि घोळ घ्या. टोमॅटोचा मोह सोडा; कडक उन्हात त्याची फुले गळतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, हवाच असेल तर धणे रगडून दोन फाकी करा आणि मांडवाच्या सावलीच्या कडेला पेरा.

पाण्याची बचत मडक्यांनी होते. पाच-सात लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे आणि त्याच्याभोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया लावायच्या. पाणी मडक्यातून झिरपून मुळांशी जाते, वरची माती कोरडी राहते, म्हणून तणही कमी. पुरण्याआधी मडके पारखून घ्या: सकाळी भरून सावलीत ठेवा, संध्याकाळी बाहेरून ओलसर लागले तर कामाचे. घरातला जुना माठ पाणी गार करेनासा झाला म्हणून बाग-कामाला काढला जातो, पण गार करत नाही याचा अर्थच त्याची छिद्रे क्षारांनी बुजलीत. तो झिरपणारही नाही. रंग दिलेले मडकेही बाद. तोंडावर परळ झाका, नाहीतर डासांची पैदास होईल. दर तीन-चार दिवसांनी डोकावून भरत राहा.

वाफ्यांवर धानाचे तणस चार बोटे जाड पसरा. तणसाखाली वाळवी लागते, तिचाही उपयोग आहे. एका फुटक्या मडक्यात ओले शेण आणि गोणपाटाचा तुकडा कोंबून ते वाळवीच्या जागी पालथे घाला, दुसऱ्या दिवशी उचलून कोंबड्यांपुढे झटका. फुकटचे प्रथिन.

वाफ्यांना कुंपण लागतेच. जुनी साडी, जाळी, काट्या, काहीही चालेल. कोंबडी भेंडीचे झाड सोडेल, पण माठाचा वाफा दहा मिनिटांत साफ करते.

कोंबडीची ताजी विष्ठा थेट झाडाला घालू नये. तिच्यात नत्र भरपूर असते आणि उन्हाळ्यात मुळे जळतात. तणस, वाळला पाला आणि विष्ठा थरावर थर रचून, थोडे पाणी शिंपडून ढीग सावलीत ठेवा. या ढिगात राख किंवा चुना मिसळू नका, त्याने नत्र अमोनिया होऊन उडून जाते. नाकाला झोंबणारा वास येतो तो तोच. राखेसाठी वेगळा खड्डा करा: कोरडी माती, राख, मूठभर वाळला कडुनिंब. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा झडतात.

एप्रिल: पत्रा आणि कूलरच्या ताट्या

खुराड्यावर टिनाचा पत्रा असेल तर त्याला वरून चुना फासा आणि चुन्यावर तणसाचा किंवा तुऱ्हाट्यांचा थर बांधा. पत्रा तापला तर खालचा सगळा खटाटोप वाया जातो. एका कोंबडीला रात्री किमान दोन चौरस फूट जागा मिळावी.

चैत्रात घरोघर कूलरला नवे वाळे किंवा वुडवूल बसते आणि जुन्या ताट्या उकिरड्यावर जातात. त्यातल्या दोन उचला, झटकून धुवा आणि खुराड्याच्या पश्चिमेच्या जाळीला बाहेरून बांधा. दुपारी बारा ते चार त्यांच्यावर तीन-चारदा पाणी मारा. आपल्याकडची कोरडी झळ त्यातून आत येताना गार होते. पण समोरची बाजू उघडी पाहिजे. चारही बाजूंनी ओले गोणपाट लावून खुराडे बंद केले, तर आत दमट होते आणि दमट हवेत धापा टाकून कोंबडीच्या घशातला ओलावा उडतच नाही. ती गुदमरते. कोकणात किंवा गोव्यात म्हणूनच या ताट्यांचा उपयोग नाही. तिथे मोकळी हवा आणि सावली यांवरच भर द्यावा.

रोजचे वेळापत्रक

उजाडण्याआधी खुराडे उघडा. निम्मा दाणा आठच्या आत द्या: मका, ज्वारी किंवा तांदळाची कणी, जोडीला थोडी ढेप आणि शेवग्याचा पाला. खाल्लेले पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून दहा ते चार दाणा बंद. उरलेला संध्याकाळी पाचनंतर. भिजवलेला दाणा कोंबड्या आवडीने खातात, पण दोन तासांत संपला नाही तर उचलून टाका. बुरशी धरलेला मका आणि ढेप तर अजिबात नको. दुपारी टरबुजाच्या साली चालतात.

एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. गरम पाण्याला ती तोंड लावत नाही, तहानलेली बसून राहते. म्हणून प्लास्टिकच्या भांड्याऐवजी मातीचे पसरट परळ घ्या, सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि दुपारी बारा व तीनला पाणी बदला. ओतून द्यायचे जुने पाणी थेट वेलाच्या बुंध्याला. पिल्ले असतील तर परळात चार खडे टाका, बुडत नाहीत. मोरीचे साबणपाणी वेलाकडे वळवायला हरकत नाही, पण त्याचे डबके कोंबड्यांच्या वाटेत नको.

अंडी दिवसातून दोनदा उचला. सतत धापा टाकल्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट तुटतो, त्यामुळे उन्हाळ्यात कवच पातळ येते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणात इलेक्ट्रोलाइट घाला. कवच तरीही थोडे पातळ राहील. खरा इलाज गारवाच. खायची अंडी माठाखालच्या ओल्या वाळूवर टोपलीत ठेवा. कोंबडा वेगळा बांधला तर अंडी फलित होत नाहीत आणि जास्त टिकतात, मात्र वेगळा केल्यानंतरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात.

नवतपा

25 मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. या दिवसांत नवे काही करू नका: कोंबड्या विकत आणू नका, धरू नका, दुपारी हुसकू नका. मांडवाखालची माती सकाळी बादलीभर पाण्याने ओली करा. कोंबड्या तिथे खळगे उकरून पोट टेकून बसतील, बसू द्या. गारव्याला सापही येतात, तेव्हा अंड्यांच्या टोपलीत हात घालण्याआधी बघा.

एखादी कोंबडी पंख अंगापासून दूर धरून, मान लांबवून जोरात धापा टाकत असेल तर तिला हळू उचलून सावलीत न्या. पाय आणि खालचे अंग साध्या पाण्यात बुडवा, तुरा ओला करा, चोचीशी पाणी धरा. बर्फाचे पाणी नको. आडवी पडून डोळे मिटायला लागली तर बहुधा उशीर झालेला असतो.

दुपारी वेलाची पाने लोंबलेली पाहून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीच लोंबलेली असतील तर ते तहानले आहे.

मृगाच्या आधी

7 जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी खुराड्यातले तणस बदला, पत्र्यावरचे वजन उतरवा आणि कुजलेला ढीग रिकाम्या वाफ्यांत पसरा. आता कुंपण काढून चार-सहा दिवस संध्याकाळी कोंबड्या वाफ्यांत सोडल्या तरी चालतात. कीड, कोष, तणाचे बी सगळे टिपतात. मांडवावरचे दोन चांगले दोडके न तोडता वाळू द्या. हलवल्यावर आत खुळखुळले की तोडा, टोकाची टोपी काढून बी झटका आणि राखेत घोळून बाटलीत भरा. उरलेला चोथा कोंबड्यांचे परळ घासायला उत्तम.