वैशाखातली वैरण आणि गोठ्यातले ग्रीस

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गाईंना १९४१ च्या सुमारास एक विचित्र दुखणे लागले. आधी डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ, मग हगवण. काही आठवड्यांनी मानेची कातडी जाड होऊन तिला वळ्या पडत, केस झडत. गाभण गाई गाभडत. कारणच सापडेना, म्हणून नाव पडले ‘एक्स’ रोग. कॉर्नेल विद्यापीठाच्या पीटर ओलाफसन यांनी १९४७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. या गाईंच्या रक्तातले अ जीवनसत्त्व झपाट्याने खाली येई, आणि तेही चाऱ्यात काही कमी नसताना.

गुन्हेगार हाती लागला तो १९५० नंतर. खाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्रांच्या वंगणात क्लोरिनेटेड नॅप्थॅलीन होते. ते गोळ्यांत उतरले आणि हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व होण्याची वाटच त्याने अडवली. जीवनसत्त्व वरून देऊनही दुखणे पुरते हटत नसे. ही रसायने २०१५ मध्ये स्टॉकहोम करारातल्या घातक रसायनांच्या यादीत गेली, पण गोठ्यातला मूळ धोका तसाच आहे.

हिरव्या चाऱ्यावर पोसलेली गाय यकृतात साधारण दोन ते चार महिने पुरेल इतके अ जीवनसत्त्व साठवते. म्हैस तर कॅरोटीनचे रूपांतर इतके पुरते करते की तिचे तूप पांढरेच राहते. मार्गशीर्षानंतर गव्हाणीत कडबा येतो. उन्हात पिवळा पडलेल्या कडब्यात कॅरोटीन जवळजवळ उरत नाही. म्हणजे वैशाखात यकृताची तिजोरी रिकामी, आणि नेमके तेव्हाच शेतकरी यंत्रांची दुरुस्ती नि बांधांची साफसफाई काढतो. त्यात मीठ-फॉस्फरस कमी पडलेले जनावर दिसेल ते चाटत सुटते.

कडबाकुट्टीला ग्रीस भरल्यावर पहिली दोन-चार टोपली कुट्टी बाजूला टाकावी, ती गव्हाणीत जाऊ देऊ नये. ट्रॅक्टरचे जळके ऑईल गोठ्याच्या खांबांना फासण्याची आणि गोचिडांवर ‘इलाज’ म्हणून जनावराच्या अंगाला चोळण्याची रीत गावोगाव आहे. ती सोडलेली बरी. जनावर अंग चाटते, खांबही चाटते. जुन्या रोहित्राचे तेल तर गोठ्याच्या आसपासही नको, त्यात क्लोरिनेटेड नॅप्थॅलीनच्याच कुळातली पीसीबी रसायने असू शकतात.

सगळ्यात वाईट फुटकी बॅटरी. तिच्यातले शिसे ड जीवनसत्त्व मूत्रपिंडात कार्यक्षम होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर घाला घालते. त्याआधीच जनावर आंधळे होऊन भिंतीला डोके लावून उभे राहते. गंमत अशी, की असेच आंधळेपण ब१ जीवनसत्त्व तुटल्यानेही येते. ब१ रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतूच बनवतात, पण पाण्यातून वा मळीतून गंधक जास्त गेले की हे तंत्र बिघडते. अ कमी पडले तर सुरुवात रातांधळेपणाने होते. संध्याकाळी जनावर दावणीला अडखळू लागले तर टॉनिकची बाटली आणण्याआधी पशुवैद्यकाला बोलवावे, कारण या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. शिसे पोटात असताना जीवनसत्त्वांचे इंजेक्शन एकटे पुरे पडत नाही. डॉक्टरांना आजूबाजूला काय पडले होते, पाणी कुठले होते आणि मळी किती घातली, हे आवर्जून सांगावे.

उन्हाळ्यात थोडा तरी मुरघास, लसूणघास किंवा शेवरीचा पाला रोज टाकावा. गाभण गाईला तो आधी, कारण वासरू अ जीवनसत्त्वाचा साठा घेऊन जन्मत नाही. त्याची सारी भिस्त चिकावर असते आणि आईच्या यकृतात काही असेल तरच ते चिकात उतरते. मीठ-खनिजांची वीट गव्हाणीजवळ टांगली की चाटण्याची ओढही कमी होते.

राहिला बांध. पीव्हीसी पाइपांचे तुकडे आणि मल्चिंगचा कागद पेटवून देण्याचा मोह मे महिन्यात होतोच. पीव्हीसी जळताना डायऑक्सिन तयार होतात, आणि ती यकृतातल्या अ जीवनसत्त्वाचा साठा उपसतात. दुधाच्या सायीतून तीच घरातल्या पोरांपर्यंत पोचतात. मृगाचा पाऊस पडून कोवळे गवत आले की रिकामी तिजोरी आपोआप भरू लागते. मात्र पाइप जाळलेल्या बांधावरचे गवत त्या हंगामात कापू नये, तिथे गुरेही सोडू नयेत.