बर्फाची मूर्ती

पेण तालुक्यातल्या माणसाला मूर्ती कशी घडते हे शिकवावे लागत नाही. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. कुणी साचा भरतो, कुणी जोड घासतो, कुणी रंग देतो. ज्याचा हात मुरला आहे, तो डोळ्यांची आखणी करतो. आपल्या गागोदे बुद्रुकला पेणच्या गणपतीचे नवल नाही.

आज आम्ही दुसऱ्या एका मूर्तीची माहिती सांगणार आहोत. ही मूर्ती मातीची नाही, दगडाचीही नाही. ती आहे बर्फाची. थंड मुलखांत अशा मूर्ती घडवण्याच्या मोठ्या चढाओढी होतात.

चढाओढी कुठे होतात?

जपानमध्ये साप्पोरो नावाचे शहर आहे. तिथे हिवाळ्यात खूप हिम पडते. १९५० साली तिथल्या शाळांतल्या मुलांनी ओदोरी नावाच्या बागेत हिमाच्या सहा मूर्ती केल्या. लोक पाहायला लोटले. तेव्हापासून तिथे हिमाचा उत्सव सुरू झाला. एवढ्या मोठ्या उत्सवाची सुरुवात मुलांच्या हातून झाली, हे ध्यानात ठेवा.

चीनमध्ये हार्बिन शहर आहे. तिथले कोळी हिवाळ्यात बादलीत पाणी गोठवीत, मधला भाग पोकळ ठेवीत आणि आत दिवा लावीत. वारा कितीही सुटला तरी दिवा विझत नसे. त्या बर्फाच्या कंदिलांचा मेळा १९६३ साली भरला. पुढे सोंगहुआ नदीतला गोठलेला बर्फ कापून तिथे मोठमोठे मनोरेही उभे राहू लागले.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात फेअरबँक्स गावी १९९० साली बर्फाच्या मूर्तींची स्पर्धा सुरू झाली. तिथे देशोदेशींचे कारागीर येत. मुरलेल्या कारागिरांबरोबर हौशी माणसांसाठी आणि तरुण मुलांसाठीही वेगळे गट ठेवले गेले.

इथे एक फरक सांगतो. आकाशातून भुरभुर पडते ते हिम. पाणी गोठून घट्ट होते तो बर्फ. हिम दाबून मूर्ती करतात, बर्फ कोरून करतात.

बर्फ आपल्या ओळखीचा

आपल्या कोकणात हिम पडत नाही, पण बर्फ सगळ्यांनी पाहिला आहे. बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात. पूर्वी असे कारखाने नव्हते. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज तळ्यातला बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. हा व्यापार फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या माणसाचा. निघताना बर्फ १८० टन होता, पोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता. बाकीचा वाटेत वितळला. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला.

मासळीच्या लादीकडे नीट पाहा. कडेला ती काचेसारखी असते, मध्ये पांढरी दिसते. असं का बरं? पाण्यात हवा मिसळलेली असते. लादी चारी बाजूंनी गोठत आत जाते. हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही, म्हणून ती मध्येच अडकते. ती अडकलेली हवा पांढरी दिसते.

मूर्तीला असा बर्फ चालत नाही. तिला आरपार स्वच्छ बर्फ लागतो. म्हणून यंत्रात पाणी फक्त खालून गोठवतात आणि वरचे पाणी सारखे ढवळत ठेवतात. हवा वरवर सरकत निघून जाते. अशी सुमारे १३५ किलोची एक लादी गोठायला तीन दिवस लागतात.

काम कसे चालते?

पहिले काम कागदावर. मूर्तीचे चित्र काढतात, मापे लिहितात. मग मूर्तीएवढे चित्र करून ते लादीवर चिकटवतात आणि त्या रेषेवरून बर्फात खूण करतात. ज्याला माप वाचता येत नाही, त्याची करवत चुकीच्या जागी चालते.

दुसरे काम थांबण्याचे. कडक गारठ्यातून काढलेली लादी लगेच कापली तर तडकते. तिच्यावरचा पांढरा थर जाऊन ती स्वच्छ दिसू लागली की मगच हत्यार लावायचे.

तिसरे काम कापण्याचे. आधी यंत्राच्या करवतीने मोठे तुकडे काढतात. मग धारदार छिनीने नाक, बोटे, पिसे असे बारीक काम करतात.

चौथे काम जोडण्याचे. दोन तुकड्यांच्या बाजू तापवलेल्या इस्त्रीने अगदी सपाट करतात. मध्ये थोडे पाणी सोडतात. थंडीत ते पाणी गोठते आणि जोड पक्का बसतो. बर्फाला डिंक पाण्याचाच!

शेवटी मूर्तीवरून ज्योत झरकन फिरवतात. वरचा खरखरीतपणा वितळतो आणि मूर्ती चकाकते. उन्हाची भीती असेल तिथे ताडपत्री बांधून सावली धरतात.

माती आणि बर्फ

मातीचे काम लावण्याचे आहे. सोंड बारीक झाली तर थोडी माती आणखी लावता येते. बर्फाचे काम काढण्याचे आहे. जास्त काढले की गेले. तुटलेला भाग पाण्याने जोडता येतो, पण सांधा पाहणाऱ्याला दिसू शकतो. म्हणून बर्फावर काम करणारा हात चालवण्याआधी दहा वेळा पाहतो.

आणखी एक गोष्ट. चढाओढीत वेळ ठरलेला असतो. सगळ्यांना सारखा बर्फ, सारखा वेळ. पण मुरलेला कारागीर आणि शिकणारा पोर यांना एकाच रांगेत उभे करीत नाहीत. तसे केले तर पोर पहिल्याच दिवशी हिरमुसेल आणि पुन्हा छिनी धरणार नाही. आपल्या शाळेत मातीच्या मूर्तींची स्पर्धा घ्यायची झाली, तर हाच नियम धरावा. लहान मुलांचा गट वेगळा, मोठ्यांचा वेगळा, कारखान्यात काम करणाऱ्यांचा वेगळा.

टिकत नाही, मग करायची कशाला?

कुणी म्हणेल, "चार दिवसांत पाणी होणार, त्यासाठी एवढी मेहनत कशाला?" याचे उत्तर गागोद्यातच आहे.

११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे आपल्या गागोद्यात जन्मले. लहानपणची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. त्यांचे आजोबा गणपतीसाठी मुलांकडून चंदन उगाळून घेत. त्या चंदनाची मूर्ती करीत. तिची पूजा होई आणि मग तिचे विसर्जन होई. एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती बुडवायची, याचे लहान विनोबांना वाईट वाटे. पुढे त्यांना त्याचा अर्थ कळला. मन लावून करावे आणि वेळ आली की सोडून द्यावे.

मूर्ती जाते, पण हाताला आलेली विद्या जात नाही. पुढच्या वर्षी तोच हात जास्त चांगली मूर्ती करतो.

आज हा प्रश्न पेणच्या पोटापाण्याचा आहे. शाडूची माती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची, म्हणजे पीओपीची, मूर्ती हलकी असते, लवकर होते, पण पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली पीओपीच्या मूर्तींविरुद्ध नियम काढले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती करायला व विकायला मोकळीक दिली, पण न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या नदी-समुद्रात सोडायच्या नाहीत असे सांगितले. एका बाजूला हजारो हातांचे काम, दुसऱ्या बाजूला नदी-खाडीचे पाणी. दोन्ही आपलेच आहे. शाडूला वेळ जास्त लागतो, मूर्ती जड होते, नेताना फुटते. तेव्हा शाडूच्या मूर्तीला चार पैसे जास्त पडले तर घेणाऱ्याने कुरकुर करू नये. नुसता कारागिराला उपदेश करून भागणार नाही.

नियम काय आहे, दर काय ठरला आहे, कागदावर काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येते त्याला कुणी फसवू शकत नाही. म्हणून आधी वाचा, मग सही करा.

नवे शब्द

चढाओढ, हिम, लादी, छिनी, आखणी, विसर्जन.

प्रश्न

१. मासळीच्या बर्फाची लादी मध्ये पांढरी का दिसते?

२. मातीचे काम आणि बर्फाचे काम यांत काय फरक आहे?

३. एक घनफूट बर्फाचे वजन सुमारे २६ किलो भरते. ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि १ फूट जाड लादीचे वजन किती? (आधी तिन्ही मापांचा गुणाकार करा.)

४. तुमच्या घरी येणारी मूर्ती कशाची असते? पुढच्या वर्षी कशाची आणाल? घरातल्यांशी बोला आणि पाटीवर चार ओळी लिहा.